आपल्यात

सकाळी सव्वासातला भिंतीवरच्या डबीवर २०१४ उमटलं आणि मी मनातल्या मनात एक शिवी हासडली. २०१४ म्हणजे आज माझा कप वेगळा.

"ए, तुझा कप मोरीजवळ ठेव," आई म्हणाल्या. "आमच्यात कपबश्या एकत्र ठेवत नाहीत."

पाचच मिनिटांपूर्वी मी त्यांच्या ब्लाउजची बटणं लावली होती. त्याआधी दात घासून दिले होते, कारण ब्रश हातात घेऊन त्या "हे काय असतं गं?" असं विचारत उभ्या होत्या. त्यांच्या हातातला चहाही मीच केलेला. तो मात्र चालत होता. मी कप मोरीजवळ ठेवला आणि कामावर जायची साडी नेसायला गेले. भांडून उपयोग नव्हता. भांडायला समोरचं माणूस त्याच वर्षात असावं लागतं.

इंदुमती जगदाळे, वय चौऱ्याहत्तर, कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या ऑपरेटर, माझ्या सासूबाई. मी करुणा, नगरपालिकेच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात प्रयोगशाळा सांभाळते. गावाच्या नळाला येणाऱ्या पाण्यात काय किती आहे, ते रोज मोजते. मोजण्यावर माझा विश्वास होता.

आईंच्या स्मृतिभ्रंशाचा हा मधला टप्पा. पहिल्या टप्प्यात माणसाला कळतं की आपण विसरतोय, आणि ते घाबरतं. शेवटच्या टप्प्यात काहीच कळत नाही. मधला टप्पा सगळ्यांत लांब, आणि तो रोग्यापेक्षा घरच्यांना होतो. रोगी चालतो, जेवतो, अख्ख्या आरत्या म्हणतो. पण परकर साडीवरून घालतो. "धैर्या आला का?" हा प्रश्न एका तासात तीस वेळा विचारतो, आणि तिसाव्या वेळी तुमचा आवाज चढला की "चिडायला काय झालं, एकदाच तर विचारलं" म्हणतो. पाटल्या स्वतःच उशीच्या अभ्र्यात लपवतो आणि चोर म्हणून तुमच्याकडे बोट दाखवतो. संध्याकाळी पाच वाजले की पिशवी भरून दाराशी उभा राहतो, "मला घरी सोडा." घर हेच आहे म्हटलं तर तुमची कीव करतो.

कीर्तनकार, पुस्तकं, व्हिडिओ सगळे सांगतात की अशा माणसाची सेवा म्हणजे पुण्य. सांगणाऱ्यांतल्या एकानेही सलग तीन दिवस अशा माणसाला अंघोळ घातलेली नसते.

आता डबीबद्दल, म्हणजे भिंतीवरच्या त्या यंत्राबद्दल. हा रोग आठवणी खातो तो वरून खाली. भिंतीवर शेवटी दिलेला रंग आधी सुटतो, तशी कालची आठवण आधी जाते, मग गेल्या वर्षीची, मग दहा वर्षांपूर्वीची. माणूस मागे मागे सरकत जातो आणि जिथे पोचतो ते साल त्याच्यासाठी 'आज' असतं. कुठलं साल, ते त्याच्या बोलण्यात उमटतं. टोमॅटोचा भाव काय सांगतो, मेलेल्या माणसाला 'आहेत' म्हणतो की 'होते', कुठल्या शब्दापाशी अडतो, आवाजाची पट्टी कशी लावतो. डबी तासन्‌तास हे ऐकते, गणित मांडते आणि साल दाखवते. घरच्यांनी त्या सालाप्रमाणे वागायचं. १९९१ आलं की आई टीव्हीचा रिमोट कानाला लावून "नंबर बोला" म्हणायच्या आणि मी "सातारा दोन-तीन-चार" म्हणायचे. त्या खूश, मी मोकळी. डबी आल्यापासून घरात शांतता वाढली हे मी नाकारत नाही.

फक्त डबी चार महिन्यांपासून वारंवार २०१४ वर येऊन थांबत होती. माझ्या लग्नाचं वर्ष.

तेव्हा धैर्यशीलनं, माझ्या नवऱ्यानं, मला पहिल्यांदा घरी नेलं, तर आईंनी हसून पाणी दिलं. आडनाव गायकवाड म्हटल्यावर आणखी हसून विचारलं, "कुठले गायकवाड?" हा प्रश्न गावाबद्दल नसतो हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही कळतं. मी सांगितलं, आम्ही बौद्ध. हसू तिथल्या तिथे पुसलं गेलं. नंतर पंधरा वर्षं मी त्या घरात 'तुमच्यात' होते. "तुमच्यात आमटी अशी करतात का?" "तुमच्यात मुली फार बोलतात." हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त शब्द, आणि मोरीजवळचा कप.

२०२९ मध्ये माझी आई गेली. सासूबाई विहारात आल्या, सतरंजीवर मांडी घालून बसल्या, पंगतीत जेवल्या. घरी परतल्यावर त्यांच्या बहिणीचा फोन आला, तेराव्याला यायचं का विचारायला. आणि स्वयंपाकघरात पीठ मळता मळता मी ऐकलं, "अगं, आपल्यात तेरावं नसतं. पुण्यानुमोदन असतं, ते झालं."

आपल्यात! ही बाई मला जगदाळ्यांत घेत नव्हती. ती स्वतः उठून माझ्या माणसांत येऊन बसली होती. माफी मागितली नाही, मीही मागितली नसती. पुढची दहा-बारा वर्षं आम्ही दोघी त्या एका शब्दावर फार बऱ्या राहिलो.

रोगानं ती दहा-बारा वर्षं सगळ्यांत आधी खाल्ली. अपमान जुने, म्हणून ते शिल्लक. समेट नवा, म्हणून तो गेला. यात कुणाचा दोष नाही म्हणतात. नसेल. माझा राग दोष बघून येत नाही.

मुक्कामाची गोष्ट डॉक्टर रेहाना मुजावर यांनी काढली. गावात मेंदूच्या त्या एकट्याच डॉक्टर, स्पष्ट बोलणाऱ्या.

"गाव बुजत नाही, वाट बुजते," त्या म्हणाल्या. "आठवण मेंदूत असते, तिथवर जाता येत नाही. आता आपण एक वाट राखू शकतो. पेशंट एखाद्या सालात असतानाच कपाळाला पट्टी लावून सौम्य वीज द्यायची. पहिल्या दिवशी वाट धरली की पुढे सहा आठवडे तीच गिरवायची. त्या घटकेला मनात जे चालू असेल ते पक्कं होतं. मग दोन-तीन वर्षं तरी माणूस तिथून हलत नाही."

"आणि बाकीची सालं?"

"ती लवकर बुजतात. म्हणून एकच निवडायचं, आणि विचार करून. परत बदलता येत नाही. दोन्ही मुलांची सही लागेल आणि सांभाळणारी म्हणून तुमची."

रविवारी माझी नणंद पुण्याहून आली. उज्ज्वलाताई वाईट नाहीत. लांब आहेत, आणि लांबच्या माणसाची मतं पक्की असतात.

"२००९," त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत सांगितलं. "बाबा होते. आई रोज गजरा माळायची. भांडण नाही, तंटा नाही."

"मीही नव्हते," मी म्हटलं.

"करुणा, प्रत्येक गोष्ट स्वतःवर नको गं ओढून घेऊस."

"अंघोळ मी घालते, ताई. २००९ मध्ये यांना अंघोळ कोण घालणार? तुम्ही येणार का रोज पुण्याहून?"

"तिला वाटेल, बाई ठेवलीय. निदान तुला टोचून तरी बोलणार नाही. तुझ्याच भल्याचं सांगतेय मी."

"सत्तावीस वर्षं झाली या घरात. भलं म्हणून बाई व्हायचं?"

आम्ही दोघींनी धैर्यशीलकडे पाहिलं. तो शेंगा सोलत होता, जणू जगात दुसरं काम उरलं नव्हतं.

"दोघींचंही बरोबर आहे," तो म्हणाला.

"धैर्या, 'दोघींचंही बरोबर' हे आडनाव लावून घे. शोभेल तुला," ताई म्हणाल्या.

आतून आईंचा आवाज आला, "कोण ओरडतंय गं? एक्स्चेंजमध्ये हळू बोलायचं असतं!"

उज्ज्वलाताईंना हसू आलं, मग रडू. मलाही आलं असतं, पण दूध उतू जात होतं.

मी डॉक्टरांना फोन केला. मला २०२९ नंतरचं साल हवं होतं, कुठलंही. त्या म्हणाल्या, "चार महिन्यांत डबीनं २०१८ च्या पुढचं एकदाही दाखवलेलं नाही. नाही तिथे मुक्काम कसा करणार? शनिवारी घेऊन या. माझ्यासमोर एकदा जरी ते साल आलं तरी मी पट्टी लावते. नाही आलं तर मग २००९."

सहा दिवस होते.

बुधवारी दुपारी आईंच्या डोक्याला तेल चोळत होते. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "आपल्यात एवढं तेल कुणी घालतं का? माशी घसरेल."

माझा हात थांबला. खोलीत आम्ही दोघीच. मी वर बघितलं. डबीवर २०१४.

डबी काय ऐकते आणि त्याचा काय अर्थ लावते, याची नोंद फोनवर बघता येते. कुणी बघत नाही, मीही बघितली नव्हती. त्या दुपारी बघितली. 'आमच्यात कपबश्या', अर्थ: बोलणारीचा समाज, साल २०१४. 'आपल्यात एवढं तेल', अर्थ: बोलणारीचा समाज, साल २०१४. दोन्ही शब्दांना एकच अर्थ, एकच वजन.

मी कंपनीला फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, दोनों का मतलब 'हम' ही है ना?"

मी पाचएक मिनिटं तिला मराठी शिकवली, आणि माझी शिकवण्याची पद्धत चांगली नव्हती. त्यांनी यंत्राला आमची भाषा इंग्रजीवरून शिकवली होती, आणि इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' ही दोन माणसं एकाच शब्दात कोंबलेली असतात. 'आम्ही जेवायला बसतोय' आणि 'आपण जेवायला बसूया' यांतल्या पहिल्यात तुमचं ताट नसतं, दुसऱ्यात असतं. पंधरा वर्षं मी ज्या ताटासाठी उभी होते, ते या दीडशहाण्यांच्या यंत्राला दिसतच नव्हतं.

"मॅडम, आप 'घरेलू शब्द' में जोड़ सकती हैं," ती मुलगी म्हणाली. म्हणजे आमच्या घरापुरता शब्दाचा अर्थ आम्हीच भरून द्यायचा. मी भरला: आई माझ्याशी बोलताना 'आपल्यात' म्हणाल्या तर ते साल २०२९ नंतरचं धरावं आणि बाकी सगळ्यापेक्षा त्याला जास्त वजन द्यावं.

मला हवा तो आकडा यावा म्हणून मी मापाचं यंत्र वाकवत होते. माझ्या प्रयोगशाळेत हे कुणी केलं असतं तर त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. इथे मात्र छातीत धडधडत होतं, लग्नाच्या वर्षी धडधडत होतं तसंच. मी मागच्या चार महिन्यांचं बोलणं पुन्हा ऐकलंही नाही. एवढंच मोजून घेतलं की 'आपल्यात' माझ्याशी एकतीस वेळा आलं होतं. एकतीस पुरे झाले मला. त्यांच्या मागेपुढे काय बोलणं होतं, हे बघायचं राहिलं. नाही, राहिलं नाही. मी बघितलं नाही.

शनिवारी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही पाच जण. टेबलावर आमची डबी, शेजारी कपाळाची पट्टी आणि फॉर्म. उज्ज्वलाताईंनी आईंसमोर बाबांचा फोटो धरला. त्यांना २००९ हवं होतं. धैर्यशील खिडकीपाशी. आई माझ्या शेजारी बसल्या, माझा हात धरून. बाहेर गेलं की त्या माझाच हात धरतात, साल कुठलंही असो.

"या कोण?" त्यांनी उज्ज्वलाताईंकडे बोट दाखवत मला विचारलं.

"तुमची उज्ज्वला."

"छे! उज्ज्वला बारीक आहे."

ताईंनी फोटो खाली ठेवला. डबीवर १९९७ आलं, मग २००३. डॉक्टरांनी हळूच सांगितलं, बोलू द्या त्यांना.

मग आई माझ्या कानाशी वाकल्या. कुजबुजल्या, पण त्यांची कुजबुज म्हणजे ट्रंककॉल, सगळ्या खोलीला ऐकू जातो.

"तुला म्हणून सांगते हं. बाहेर बोलू नकोस. धैर्यानं एक मुलगी बघितलीय."

"कोण?"

"गायकवाड."

मी काय केलं ते सांगते. मी विचारलं, "कुठले गायकवाड?"

"तेच तर ना!" त्यांनी माझ्या मांडीवर चापट मारली. "तेच! मी पाणी देऊन बसले बघ आधी. आता तूच सांग, आपल्यात चालतं का असलं?"

डबीनं टिक केलं. २०३१.

"आलं!" डॉक्टर उठल्या. "२०३१, आणि स्थिर आहे. करुणाताई, तुमचंच साल आलं. लगेच पट्टी लावते, हीच वेळ. आधी सही करा."

उज्ज्वलाताईंनी निःश्वास सोडला. "जाऊ दे. आलंच आहे तर राहू दे हेच. मी करते सही." आणि खरंच त्यांनी केली. मोठं मन लागतं त्याला, मी नाकारत नाही. धैर्यशीलनंही केली, माझ्याकडे न बघता. तो कानापर्यंत लाल झाला होता. त्यानं वाक्य ऐकलं होतं. बाकीच्यांनी आकडा बघितला होता.

पेन माझ्या हातात आलं. आई अजून माझ्याकडेच बघत होत्या, उत्तराची वाट पाहत, सख्ख्या बहिणीकडे बघावं तसं.

मला त्यांच्या शेजारची जागा हवी होती, ती मिळाली होती. त्या जागेवर बसून मला आता दोन-तीन वर्षं रोज ऐकायचं होतं की गायकवाडांची पोरगी घरात येता कामा नये. तेही विश्वासानं, हात धरून. एकतीस वेळांमध्ये हेच असणार, किती वेळा ते मला आता मोजायचं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे २००९?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेही नाही. कुठलंच नाही. डॉक्टर, हे साल मी घातलंय डबीत." आणि मी घरगुती शब्दाचं सगळं सांगून टाकलं. "पण चूक माझी एकटीची नाही. त्या आत्ता काय बोलल्या ऐकलंत ना? गायकवाडांना झटकणं २०१४ मधलं, आणि मला जवळ घेणं नंतरचं. एकाच वाक्यात. ही बाई एसटीसारखी एका स्टॉपवर उभी नाही हो. साल गेलं तरी हात धरायची सवय गेलेली नाही. तुम्ही एक पक्कं केलंत की दुसरं बुजणार."

डॉक्टरांनी बंद डबीकडे बघावं तसं डबीकडे बघितलं. मग खाली बसल्या. "सवयीची आठवण वेगळीकडे असते, हे खरं आहे. डबी ती मोजत नाही." पट्टी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "पण मग तुम्हाला हे रोज ऐकावं लागेल. कधी असं, कधी तसं."

"रोज तर ऐकतेच आहे. निदान आलटून पालटून तरी ऐकेन."

"हट्ट आहे नुसता," उज्ज्वलाताई फुटल्या. "मी माझं २००९ सोडलं तुझ्यासाठी! आणि तू आईला अशी वाऱ्यावर..."

"मग न्या पुण्याला," मी म्हटलं. "आत्ता. पिशवी भरलेलीच असते यांची, रोज पाचला भरतात. न्या आणि करा २००९."

ताईंनी बाबांचा फोटो उचलून पिशवीत घातला. मला बरं वाटलं नाही. मला काहीच बरं वाटत नव्हतं. मी सही न केलेला फॉर्म डॉक्टरांकडे सरकवला, डबीचं बटण बंद करून ती पर्समध्ये टाकली आणि आईंना उठवलं.

धैर्यशील दारापर्यंत आला. "करुणा, मी..."

"गाडी काढ."

दवाखान्याच्या पायऱ्या उंच आहेत. पहिल्याच पायरीवर आई थांबल्या. वळून मागे बघितलं, मग माझ्या दंडाला घट्ट धरून हळूच विचारलं, "ती आली होती का गं आत?"

"कोण ती?"

"ती. गायकवाडांची."

"आली होती की."

"बाई बाई! मग चल, आपण निघूया पटकन. मला नाही बोलायचं तिच्याशी."

"मलाही नाही," मी म्हटलं. "पाय जपून टाका."